फ्लो सेन्सर पुन्हा पुन्हा स्टरलाइझ केला तर रीडिंगचं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिपळूण ते सावंतवाडी या पट्ट्यात मी व्हेंटिलेटर आणि स्पायरोमीटर (फुंकायला लावून फुप्फुसं तपासायचं मशीन) यांच्या दुरुस्तीला फिरतो. व्हॉट्सॲपवर तेच ते प्रश्न येतात, बहुतेक रात्री साडेअकराला आणि सोबत एक हललेला फोटो, 'दादा हा चालेल का बघा ना'. प्रत्येकाला वेगळं टाइप करून बोटं दुखली म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. प्रश्नांना नंबर दिलेत, कारण मध्ये मध्ये 'अमुक नंबर बघा' असं म्हणणार आहे.

१. फ्लो सेन्सर म्हणजे नक्की काय, आणि तो असतो कुठे?

श्वासाची हवा किती वेगाने आत-बाहेर जातेय ते सांगणारा तुकडा. तो थेट मिली मोजत नाही हं, तो मोजतो सेकंदाला किती लिटर, आणि मशीन त्या वेगाची क्षणाक्षणाला बेरीज करत जातं, त्यातून टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) किंवा एफव्हीसी (पूर्ण श्वास भरून जोराने फुंकलेली एकूण हवा) निघतो. काही व्हेंटिलेटरमध्ये तो पेशंटच्या तोंडाजवळ वाय-पीसला (दोन नळ्या एकत्र येतात तो इंग्रजी Y सारखा जोड) लागतो, काहींत एक्स्पायरेटरी म्हणजे श्वास बाहेर येतो त्या बाजूला मशीनच्या तोंडाशी असतो, स्पायरोमीटरमध्ये माउथपीसच्या मागे.

आपल्याकडे भेटणाऱ्या जाती मोजक्याच. पातळ पडदीचा, ज्याला दोन बारीक नळ्या जोडलेल्या असतात आणि पडदीच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक मशीन वाचतं. हॉट वायरचा, ज्यात केसापेक्षा बारीक तार तापवलेली असते आणि हवा तिला किती थंड करते त्यावरून वेग कळतो. जाळीचा किंवा बारीक नळ्यांच्या जुडग्याचा, ही कल्पना जुनी आहे, फ्लाइशने १९२५ मध्ये मांडलेली. भिंगरीचा, म्हणजे टर्बाइन. आणि अल्ट्रासॉनिक, त्याचं प्रश्न १६ मध्ये.

२. स्टरलायझेशननंतर प्लास्टिक तर जसंच्या तसं दिसतं, मग मोजमाप बिघडतं कसं?

दिसतं तसंच, वागत नाही.

पडदीचा सेन्सर घ्या. हवा हळू असली की पडदी थोडीच उघडते, जोरात आली की जास्त उघडते, आणि 'एवढ्या वेगाला एवढी उघडेल' हे गणित कंपनीने नव्या पडदीवर बसवलेलं असतं. आता तुम्ही ती १२१ अंशावर पंधरा-वीस मिनिटं किंवा १३४ अंशावर तीन-चार मिनिटं वाफेत ठेवली, मग थंड केली, मग परत ठेवली. पॉलिएस्टरसारख्या प्लास्टिकच्या साखळ्या गरम वाफेत पाण्यामुळेच तुटतात, पॉलिकार्बोनेटचंही थोडंफार तेच होतं, आणि पडदी हळूहळू ठिसूळ किंवा वाकडी होत जाते. पाव मिलिमीटरचा बाक आला तरी ती पूर्ण मिटत नाही. एक जुना सेन्सर हातात घ्या आणि नळीतून ट्यूबलाइटकडे बघा, नव्याला पडदीच्या कडेने सगळीकडे सारखी बारीक रेघ दिसते, जुन्याला एका बाजूला चंद्राच्या कोरीसारखी फट दिसते. ती कोर म्हणजेच रीडिंगमधली चूक.

हॉट वायरमध्ये तारेला उष्णतेचं फारसं काही नाही, तिला त्रास होतो तिच्यावर बसणाऱ्या थराचा. नीट न धुतलेला कफ, केमिकलचा उरलेला अंश, पाण्यातले क्षार, हे सगळं तारेवर पांघरुणासारखं बसतं. शिवाय तार नाजूक, ब्रश घातला की गेली. जाळीच्या सेन्सरमध्ये भोकं अर्धवट बुजतात. भिंगरीत आसाला मळ धरतो, किंवा उष्णतेने पाती जराशी मुरडतात.

आणि सगळ्यांना लागू असलेली गोष्ट म्हणजे सांधे. ओ-रिंग, नळीची टोकं, दोन प्लास्टिकमधलं चिकटवण. वेगवेगळी प्लास्टिकं तापताना वेगवेगळी फुगतात, पन्नास वेळा फुगून आकसून झाली की कुठेतरी केसाएवढी फट पडतेच.

३. खराब झालेला सेन्सर जास्त दाखवतो की कमी?

काय खराब झालंय त्यावर. पडदी कडक झाली तर तेवढ्याच हवेला दाबाचा फरक जास्त पडतो, मशीन जास्त दाखवतं. पडदी वाकून फट राहिली किंवा फाटली तर कमी, आणि ही चूक सगळ्यात जास्त कमी वेगाला दिसते कारण हळू हवा त्या फटीतूनच निघून जाते. जाळी बुजली तर जास्त. हॉट वायरवर थर बसला तर तार नीट थंड होत नाही, म्हणून कमी, पण त्याच तारेवर पाण्याचा थेंब बसला तर एकदम उडी मारून भलतंच जास्त. भिंगरी जड झाली तर कमी, आणि अगदी हळू श्वासाला ती फिरतच नाही.

म्हणून 'जुना सेन्सर आहे, दहा टक्के कमी धरून चला' असा हिशेब कोणी सांगितला तर ऐकू नका. ही आंब्याच्या पेटीतली घट नव्हे.

४. पाच-दहा टक्के इकडे तिकडे झालं तर एवढं काय बिघडतं?

गणित करून बघू. १५० सेंटिमीटर उंचीची बाई, सूत्राने तिचं प्रेडिक्टेड बॉडी वेट (उंचीवरून काढलेलं वजन) येतं साधारण ४३ किलो. एआरडीएसमध्ये (फुप्फुसं सुजून पाण्याने भरतात तो गंभीर आजार) किलोला ६ मिली या हिशेबाने टायडल व्हॉल्यूम झाला २६० मिली. आता वाय-पीसचा सेन्सर १५ टक्के कमी दाखवतोय असं धरा. स्क्रीनवर २६० दिसतंय तेव्हा फुप्फुसात खरं जातंय ३०६ मिली, म्हणजे किलोला ७ च्या वर. डॉक्टरांना वाटतंय आपण ६ वर आहोत. कोणालाच काही चुकल्यासारखं वाटत नाही, अलार्म वाजत नाही, आणि हे दिवसाला वीस-पंचवीस हजार श्वास चालू असतं.

जी मशिनं वाय-पीसच्या सेन्सरवरून व्हॉल्यूम ठरवतात त्यात हे थेट होतं. जी आतल्या सेन्सरवरून हवा देतात त्यात दिलेला श्वास बरोबर असतो, पण डॉक्टर चुकीचा आकडा बघून सेटिंग बदलतात, शेवटी फिरून तेच.

५. मुळात प्रत्येक पेशंटनंतर ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेत निर्जंतुक) करायलाच हवा का?

बहुतेक वेळा नाही, आणि निम्मे सेन्सर या गैरसमजानेच मरतात. स्पॉल्डिंगची वर्गवारी (कुठली वस्तू किती निर्जंतुक करायची त्याची) सीएसएसडीच्या, म्हणजे हॉस्पिटलच्या निर्जंतुकीकरण विभागाच्या, सिस्टरना पाठ असते. रक्तात किंवा निर्जंतुक टिश्यूत जाणारं ते क्रिटिकल, म्यूकस मेंब्रेनला (तोंड-घशाच्या आतल्या ओल्या अस्तराला) लागणारं ते सेमी-क्रिटिकल, नुसतं कातडीला लागणारं ते नॉन-क्रिटिकल. श्वासाच्या सर्किटमधल्या वस्तू सेमी-क्रिटिकलमध्ये येतात, आणि त्यांना कमीत कमी हाय लेव्हल डिसइन्फेक्शन (पूर्ण स्टरलायझेशनच्या एक पायरी खालचं) लागतं. सेन्सरच्या कंपनीने वाफेला परवानगी दिली असेल आणि तुमच्या इन्फेक्शन कंट्रोलवाल्यांनी तसं ठरवलं असेल तर करा जरूर, पण 'जास्त केलं म्हणजे जास्त चांगलं' हा हिशेब इथे नाही.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे पेशंट आणि सेन्सरच्या मध्ये बॅक्टेरियल-व्हायरल फिल्टर. स्पायरोमेट्रीत तर प्रत्येक पेशंटला नवा फिल्टर लावला की सेन्सर धुवायची वेळच फार कमी येते. फक्त फिल्टर लावून कॅलिब्रेट करा (माहीत असलेल्या मापाशी रीडिंग जुळवा), फिल्टरविना कॅलिब्रेट आणि फिल्टरसकट टेस्ट हे उद्योग नकोत. टीबीचा संशय असलेला पेशंट, किंवा सेन्सरमध्ये कफ दिसतोय, तर मात्र फिल्टर होता की नव्हता यावर वाद न घालता पूर्ण प्रोसेस करायची.

६. ऑटोक्लेव्ह, इटीओ, प्लाझ्मा, सायडेक्स, यात सेन्सरला कमी त्रास कशाचा?

पहिलं उत्तर कंटाळवाणं आहे पण तेच खरं, सेन्सरच्या माहितीपुस्तिकेत जे लिहिलंय तेच. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्ये एक वाफेला चालतं आणि एक चालत नाही, आणि दिसायला दोन्ही जुळे भाऊ.

त्यापुढे माझं अनुभवाचं मत. वाफ सगळ्यात खात्रीची पण प्लास्टिकला सगळ्यात जड. इटीओ (इथिलिन ऑक्साइड गॅस) कमी तापमानाला होतं, साधारण ३७ ते ६३ अंशात, पण हा गॅस विषारी आहे आणि प्लास्टिकमध्ये मुरतो, एअरेशन कॅबिनेटमध्ये ५० ते ६० अंशाला ८ ते १२ तास ठेवावं लागतं. 'पेशंट आलाय, द्या लवकर' म्हणून अर्ध्यावर काढलेला इटीओचा सेन्सर तोंडासमोर लावणं म्हणजे पेशंटला तो गॅस हुंगवणं. हायड्रोजन पेरॉक्साइड प्लाझ्मा थंड आणि झटपट, पण वस्तू पूर्ण कोरडी लागते, ओली ठेवली की मशीन सायकलच रद्द करतं, आणि लांब बारीक नळ्यांना त्याच्या मर्यादा आहेत. तालुक्याच्या गावी प्लाझ्मा असतं कुठे म्हणा.

ग्लुटाराल्डिहाइड म्हणजे आपलं सायडेक्स, उष्णता नाही म्हणून पडदीला बरं, पण ते प्रोटीन घट्ट बसवतं. कफ नीट न धुता बुडवलंत तर तो कफ तिथेच शिजल्यासारखा चिकटतो. ओपीए (त्याच कामाचं दुसरं द्रावण) वापरणाऱ्यांना उरलेल्या प्रोटीनवर राखाडी डाग दिसतो, तो डाग म्हणजे धुणं कमी पडल्याची पावती. ब्लीच मात्र कुठल्याच धातूच्या तारेजवळ नेऊ नका. आणि कडक अल्कलाइन डिटर्जंटने पॉलिकार्बोनेटला तडे जातात, भांड्याच्या पावडरने घासणाऱ्या मावशींना हे कोणीच सांगितलेलं नसतं, चूक त्यांची नाही.

७. एक सेन्सर किती वेळा स्टरलाइझ करता येतो? आणि मध्येच लाईट गेली तर ती सायकल धरायची का?

आकडा पुस्तिकेत असतो, मॉडेलप्रमाणे वेगळा, म्हणून इथे लिहीत नाही. तो आकडा 'इतक्या वेळानंतर फेकाच' एवढंच सांगतो, 'तोपर्यंत नक्की चांगला राहील' असं वचन नव्हे.

खरी अडचण म्हणजे मोजतं कोण. मी एका ठिकाणी परमनंट मार्करने सेन्सरच्या बाजूला रेघा मारायला सांगितलं, चार उभ्या आणि पाचवी आडवी, नारळ मोजतात तशी. महिन्याने गेलो तर रेघ एकही नाही. स्पिरिटने पुसताना मार्कर पण पुसला जात होता, हे माझ्याच डोक्यात आलं नव्हतं. आता सेन्सरचा सीरियल नंबर लिहिलेली एक वही सीएसएसडीत दोरीने बांधून ठेवलीय, आत जाताना एक नोंद, तारीख आणि पद्धत. वही फाटकी आहे पण खरी आहे.

लाईट गेली तर निर्जंतुकीकरणाच्या दृष्टीने ती सायकल शून्य, पहिल्यापासून परत करायची. सेन्सरच्या दृष्टीने मात्र तो दोनदा तापला, म्हणून वहीत दोन लिहा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हे काही क्वचित होत नाही.

८. पाकिटावर 'सिंगल यूज' लिहिलंय, पण चांगला दिसतोय. इटीओ करून परत वापरतात सगळे.

सगळे वापरतात हे मला माहितीये, बिल कोण भरतो तेही माहितीये. पण सिंगल यूजची पडदी एकदाच वापरायच्या हिशेबाने बनवलेली असते, दुसऱ्या वेळेला तिचं रीडिंग किती बरोबर याची कोणीच तपासणी केलेली नसते, कंपनीनेही नाही. परत वापरायचाच असेल तर रीयूजेबल मॉडेल घ्या, पहिल्यांदा महाग वाटतं पण वही ठेवली तर हिशेबात बसतं. वापरलेला सिंगल यूज प्लास्टिक सेन्सर बायोमेडिकल वेस्टच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे लाल पिशवीत जातो. आत इलेक्ट्रॉनिक्स असेल तर टाकण्याआधी विचारा.

९. स्पिरिटमध्ये बुडवून लगेच लावला तर चालेल ना? स्पिरिट तर उडून जातं.

हॉट वायरचा असेल तर अजिबात नाही, आणि हे रीडिंगपेक्षा मोठं आहे. कॅलिब्रेशनच्या वेळी तार तापते, काही मशिनं तर मळ जाळण्यासाठी मुद्दाम जास्त तापवतात. आत स्पिरिटची वाफ उरली असेल तर ती पेटू शकते, आणि तारेची वाट लागते ते वेगळंच. उत्पादकच निदान अर्धा तास मोकळ्या हवेत ठेवायला सांगतात. आपल्या दमट हवेत मी तास म्हणतो. ऑक्सिजन चालू असलेल्या सर्किटशेजारी हा खेळ कशाला.

ॲक्रिलिकसारख्या पारदर्शक प्लास्टिकला स्पिरिटने कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडेही जातात, उजेडात तिरपं धरलं की दिसतात.

१०. शेवटचं धुणं विहिरीच्या पाण्याने केलं तर? आमचं पाणी गोड आहे.

पिण्याला गोड, सेन्सरला नाही. जांभ्या दगडातलं पाणी बहुतेक मऊ असतं, त्यामुळे घाटावरच्यासारखा चुन्याचा पांढरा थर आपल्याकडे कमी बसतो, हे खरं. पण खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मे मध्ये मचूळ होतात, आणि ते मीठ तारेवर, जाळीवर सुकून बसतं.

मिठाची एक गंमत आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ आपणहून पाणी ओढून विरघळतं, पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं ना तेच. म्हणजे मे महिन्यात कोरडा करून कपाटात ठेवलेला सेन्सर जुलैत कोणी हात न लावता आतून ओला झालेला असतो, आणि सगळे विचारतात हा नुसता ठेवून कसा बिघडला. डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी शेवटच्या धुण्याला वापरा, एका सेन्सरला पेलाभर लागतं.

११. पावसाळ्यात सेन्सर वाळतच नाही. काय करायचं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे, आणि माझ्या मते कोकणात वाफेपेक्षा ओल जास्त सेन्सर बिघडवते. निदान वाफेचं नुकसान हळूहळू होतं, ओलीचं त्याच दिवशी.

आधी का ते बघा. पडदीच्या सेन्सरला दोन बारीक नळ्या असतात, त्यात हळू श्वासाला मशीन जो दाब वाचतं तो अगदी किरकोळ असतो. एका नळीत पाण्याचा एक मिलिमीटर उंचीचा थेंब अडकला तरी तो म्हणजे ०.१ सेंटिमीटर पाण्याचा दाब, आणि एवढ्यानेही शून्य हलतं. मग पेशंट श्वास घेत नसताना ग्राफ शून्यावर न बसता जरा वर किंवा खाली तरंगतो.

आंब्याची साठं वाळवणाऱ्याला हे लगेच कळेल, वरून हाताला कोरडं लागतं आणि आत ओल असतेच. सेन्सर नळ्या खाली करून उभा टांगा, आडवा ठेवू नका. ड्राइंग कॅबिनेट असेल तर पुस्तिकेतल्या तापमानाला, नसेल तर एसी चालू असलेली खोली, कारण एसी हवेतलं पाणीही काढतो. मग झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसकट ठेवा, आणि जेलचा रंग बदलला की जेल बदला, वर्षभर तीच पुडी नको. सेंट्रल लाइनच्या (भिंतीतल्या पाइपच्या) हवेचा फवारा मारू नका, पडदी उलटी वळते, तार तुटते. हेअर ड्रायर नको. एकाने मोबाइल भिजल्यावर करतात तसा तांदळाच्या डब्यात ठेवला होता, सेन्सर वाळला पण आत तांदळाचं पीठ बसलं. त्या सेन्सरचं श्राद्ध मी घातलं.

१२. तो बरोबर आहे की नाही हे आम्ही कसं तपासायचं?

स्पायरोमीटरसाठी ३ लिटरची कॅलिब्रेशन सिरिंज. २०१९ च्या एटीएस-ईआरएस (अमेरिका-युरोपातल्या छातीच्या डॉक्टरांच्या संघटना) नियमांप्रमाणे रोज, तीन वेगवेगळ्या वेगांना, आणि उत्तर ३ टक्क्यांच्या आत, म्हणजे २.९१ ते ३.०९ लिटर. लोक करतात काय तर एकाच मध्यम जोराने तीनदा ढकलतात. हळू ढकला, पाच-सहा सेकंद घेऊन, खराब पडदी आणि जड भिंगरी तिथेच पकडली जाते (का ते प्रश्न ३ मध्ये). सिरिंज टेस्ट करणार त्याच खोलीत आधीपासून ठेवा, गाडीत तापलेली सिरिंज आणून लगेच ढकलू नका.

व्हेंटिलेटरला टेस्ट लंग (फुप्फुसाऐवजी लावायची पिशवी) लावा, ५०० मिली द्या, आत आणि बाहेरचा आकडा बघा, मग २०० देऊन बघा. मग त्याच सेटिंगवर एक नवाकोरा सेन्सर लावून बघा. नवा एक सेन्सर नुसता तुलनेसाठी पाकिटात ठेवणं हा माझा हट्ट आहे, लोक हसतात. फ्लो ॲनालायझर (हवेचा वेग तपासायचं वेगळं यंत्र) असेल तर सोन्याहून पिवळं, पण तो दरवेळी मिळत नाही.

१३. मशीनने 'कॅलिब्रेशन पास' दाखवलं, मग तुम्ही शंका का घेताय?

कारण कॅलिब्रेशन हे तपासणं नव्हे, जुळवून घेणं आहे. हा फरक कळला की बाकीची अर्धी पानं वाचायची गरज नाही.

पासंग माहीत आहे ना? तराजू एका बाजूला झुकत असेल तर दुकानदार दुसऱ्या पारड्याखाली दगड बांधतो, काटा मधोमध येतो. मशीन कॅलिब्रेशनला हेच करतं. सेन्सर दहा टक्के कमी बोलतोय, ठीक आहे, आतल्या आत दहा टक्के वाढवून घेतो, पास. जोवर ही दुरुस्ती ठरलेल्या मर्यादेत बसते तोवर ते तुम्हाला काही सांगत नाही. पण वाकलेल्या पडदीची चूक सगळ्या वेगांना सारखी नसते, मध्यम वेगाला जुळवलं की हळू वेगाला चुकतं. आणि तुलना होते ती मशीनच्या आतल्या सेन्सरशी, तोच सरकला असेल तर दोघं मिळून चुकतात आणि पास म्हणतात.

म्हणून एक करा. मशीन करेक्शन फॅक्टर दाखवत असेल तर तो आकडा वहीत लिहा (वही कुठली ते प्रश्न ७). समजा पहिल्या महिन्यात १.०१ होता, मग १.०३, मग १.०६, तर सेन्सर म्हातारा होतोय हे दिसतं, पास-पास म्हणत असला तरी. आकडा दाखवत नसेल तर कॅलिब्रेट करण्याआधी सिरिंज मारून बघा, नंतर नाही. आधीच कॅलिब्रेट केलंत तर पुरावा पुसलात.

१४. धुतलेला सेन्सर लावला आणि धडधाकट माणसाला सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा कायमचा आजार) निघाला. असं होऊ शकतं?

होऊ शकतं आणि होतं. प्रश्न १ मधली बेरीज आठवा. ओलीमुळे शून्य फक्त ०.०३ लिटर प्रति सेकंद एवढं सरकलं. पहिल्या सेकंदात ही चूक ३० मिली, पण पेशंट दहा सेकंद फुंकतो तोवर ३०० मिली. खरी एफव्हीसी ३.०० आणि एफईव्ही-वन (त्यातली पहिल्या सेकंदातली हवा) २.२५, दोघांचं गुणोत्तर ७५ टक्के. मशीनवर येतं ३.३० आणि २.२८, गुणोत्तर ६९. सत्तरच्या खाली गेलं, लागला शिक्का, सुरू झाला पंप.

सेन्सर नुसता दहा टक्के जास्त किंवा कमी दाखवत असता तर दोन्ही आकडे सारखे हलले असते आणि गुणोत्तर तसंच राहिलं असतं. म्हणून गुणोत्तर विचित्र आलं तर आधी शून्य बघा. व्हॉल्यूम-टाइमचा ग्राफ शेवटी सपाट व्हायला हवा, तो दहाव्या सेकंदालाही रेल्वेच्या चढासारखा वर वर जात असेल तर पेशंटचा दोष नाही. शून्य घेताना सेन्सर हातात स्थिर धरा, पंख्याखाली नको, खिडकीतून समुद्राचा वारा येत असेल तर खिडकी लावा.

तापमानही बघा. बाहेर टाकलेली हवा ३७ अंशाची आणि बाष्पाने भरलेली, ती सेन्सरमध्ये आकसते, म्हणून मशीन बीटीपीएसची दुरुस्ती (आकडा शरीरातल्या तापमान-बाष्पाच्या हिशेबात आणणं) करतं, २० अंशाच्या खोलीत साधारण १० टक्के, २५ ला साडेसात. मशीनमध्ये २० टाकलेलं आणि खोलीत मे महिन्याचे ३२, तर सेन्सर नवा असूनही चूक, आणि बदनाम ऑटोक्लेव्ह.

१५. व्हेंटिलेटरवर आत ४०० आणि बाहेर ३३० येतंय. लीक आहे की सेन्सर गेला?

आधी लीकच धरा, घशातल्या ट्यूबच्या फुग्याचा दाब (कफ प्रेशर, इथे कफ म्हणजे तो फुगा) बघा, सर्किट चाचपा. मग टेस्ट लंग लावा. टेस्ट लंगवर फरक गेला तर लीक पेशंटकडे होती. राहिला तर सर्किट किंवा सेन्सर. सेन्सर बदलून गेला तर उत्तर मिळालंच. पेशंटला काढून प्रयोग करू नका, दुसरी सोय तयार ठेवून करा.

आणि नेब्युलायझर विसरू नका. औषधाचा फवारा सेन्सरवर सुकून बसतो, आणि मग दोष स्टरलायझेशनला दिला जातो. पुस्तिकेत परवानगी असेल तर नेब्युलायझेशनपुरता सेन्सर काढून ठेवा, आणि नंतर लावायला विसरू नका हे सांगायला लागतं, हो, लागतं.

१६. मग अल्ट्रासॉनिक घेतला की कटकट संपली ना?

बरीचशी. त्यात पडदी, तार, भिंगरी काही नसतं, आवाजाची लहर हवेच्या दिशेने आणि उलट दिशेने जायला किती वेळ लागतो त्यावरून वेग काढतात. बऱ्याच स्पायरोमीटरमध्ये आतली नळी पेशंटगणिक बदलायची असते, म्हणजे सेन्सरला धुणंच नाही. पण ट्रान्सड्यूसरच्या (लहर सोडणाऱ्या-ऐकणाऱ्या तुकड्याच्या) तोंडावर पाणी बसलं तर तोही गडबडतो, आणि व्हेंटिलेटरमधल्या अल्ट्रासॉनिक कॅसेटला पण वाळवावं लागतंच, प्रश्न ११ त्यालाही लागू. किंमत ऐकून ट्रस्टींचा चेहरा बघण्यासारखा होतो.

१७. एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या आयसीयूच्या) छोट्या सेन्सरला काही वेगळं?

सगळं तेच, पण माफी नाही. दीड किलोच्या बाळाला किलोला ५ मिली म्हणजे साडेसात मिली, चहाचे दीड चमचे. तिथे एक मिली चुकला म्हणजे १३ टक्के. व्हॉल्यूम गॅरंटीवर (ठरलेली हवा जाईल असा दाब मशीन स्वतः ठरवतं ती सेटिंग) मशीन या सेन्सरचंच ऐकतं, तो कमी दाखवायला लागला तर मशीन दाब वाढवत नेतं. बाळांच्या सेन्सरची वही वेगळी ठेवा आणि शंका आली की लगेच बदला, इथे काटकसर नको.

१८. बाजारात निम्म्या किमतीला 'कंपॅटिबल' सेन्सर मिळतात, घेऊ का?

बसतो म्हणजे जुळतो असं नाही. नळीचं तोंड सारखं असतं, पडदीचं गणित सारखं असेलच असं नाही, आणि किती सायकल सहन करतो ते विचारलं की विक्रेता विषय बदलतो. लेखी मिळालं तर एक घ्या, प्रश्न १२ प्रमाणे नवा असताना तपासा, दहा सायकलींनंतर परत तपासा, मग पेटी मागवा.

१९. पुराच्या पाण्यात गेलेला सेन्सर धुऊन स्टरलाइझ करून वापरता येईल?

२०२१ च्या जुलैत चिपळुणात पाणी भरलं त्यानंतर हा प्रश्न पहिल्यांदा आला, आता दर पावसाळ्यात एखादा येतो. नाही. गाळ बारीक नळ्यांत आणि सांध्यांत जातो, तो निघाला की नाही हे बघताच येत नाही, आणि आत गाळ असताना वाफ किंवा गॅस सगळीकडे पोचतोच असं नाही. म्हणजे ना रीडिंगची खात्री ना निर्जंतुकतेची. पाकीटबंद नवा असला तरी पाकिटात पाणी शिरलं असेल तर तोही टाका, आधी विम्यासाठी सीरियल नंबरसकट फोटो काढून घ्या.

२०. आजोबांचा घरचा बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) आहे, त्याचा सेन्सर कसा स्टरलाइझ करायचा?

करायचाच नाही. घरच्या मशीनमध्ये तो आत बसवलेला असतो, तिथे पाणी, स्पिरिट, वाफ काही घालू नका. मास्क, नळी आणि ह्युमिडिफायरचं भांडं साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, हवेचा फिल्टर वेळेवर बदला, समुद्राजवळ घर असेल तर जरा लवकरच. मशीन हलवताना ह्युमिडिफायरमधलं पाणी आधी ओता, ते उलटं मशीनमध्ये गेलं की सेन्सर भिजतो, आणि मग आजोबा म्हणतात हवा कमी येतेय आणि घरचे म्हणतात त्यांना सवयच आहे तक्रार करायची. एकदा मशीन बघून घ्या, बरेचदा आजोबाच बरोबर असतात.